मी पाहिलेलं द्विशतक

(सावित्रीबाई फुले जयंतीच्या निमित्ताने जानेवारी २०२६ मध्ये नांदगाव इथे झालेल्या मुली व महिलांच्या मेळाव्यातील भाषण)



सावित्रीबाईंच्या जयंतीला आपण दरवर्षी शिक्षणावर बोलतो. या वर्षी मेळाव्याच्या ताईंनी मला विषय दिला, 'मुली आणि खेळ'. कारण उघड आहे. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. हरमनप्रीत कौरने तो चषक उचलला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, तरी आपल्या गल्लीतसुद्धा फटाके वाजले. सांगलीच्या स्मृती मानधनाचा फोटो आता मुलींच्या वह्यांवर दिसतो. आनंद वाटण्यासारखीच गोष्ट आहे ही.

तो सामना सगळ्यांनी पाहिला. आज मी तुम्हाला अशा एका सामन्याबद्दल सांगणार आहे, जो फार थोड्यांनी पाहिला. त्या थोड्यांमध्ये मी होते, माझी आई होती, भाऊ होता आणि आत्या होती. तोही विश्वचषकाचाच सामना होता आणि तोही महाराष्ट्रातच झाला. तारीख १६ डिसेंबर १९९७, वार मंगळवार, ठिकाण मुंबईत वांद्रे पूर्वेचं एमआयजी क्लबचं मैदान.

बायकांचा विश्वचषक म्हणजे काल-परवाची गोष्ट, असा आपला समज असतो. खरी गोष्ट अशी की, बायकांचा क्रिकेटचा पहिला विश्वचषक १९७३ साली इंग्लंडमध्ये झाला. पुरुषांचा पहिला झाला १९७५ साली. म्हणजे या बाबतीत बायका दोन वर्षं पुढे होत्या. भारतात बायकांच्या क्रिकेटची राष्ट्रीय संघटनाही १९७३ मध्येच उभी राहिली. १९७८ साली बायकांचा विश्वचषक भारतात भरला, तेव्हा डायना एडलजी कर्णधार होती. १९९७ साली तो पुन्हा भारतात आला. अकरा देशांचे संघ आले होते. पण त्याचा गाजावाजा नव्हता. १९९६ साली पुरुषांचा विश्वचषक झाला होता, तेव्हा आमच्या नांदगावात ज्याच्या घरी रंगीत टीव्ही त्याच्या घरी जत्रा भरायची. बायकांचा विश्वचषक आला आहे, हे आमच्या गावात कुणाला माहीतही नव्हतं. आम्हालाही नव्हतं.

आम्ही मुंबईला गेलो होतो ते आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. मी पाचवीत होते, भाऊ सातवीत. आत्या वांद्रे पूर्वेच्या सरकारी वसाहतीत राहायची. ती नोकरी करायची आणि आजीसाठी तिने रजा काढली होती. दोन खोल्यांत आम्ही सगळे. ऑपरेशन होऊन आजी घरी आली होती, डोळ्याला हिरवी पट्टी. दर दोन तासांनी थेंब घालायचे होते. आत्याला कुणीतरी सांगितलं की जवळच्याच मैदानावर बायकांच्या वर्ल्ड कपची मॅच आहे. ती आईला म्हणाली, "वहिनी, चला, पोरांना घेऊन जाऊ. मुंबईला येऊन तुम्ही दवाखाना सोडून काय पाहिलंत?"

आई म्हणाली, "आणि थेंब कोण घालील?"

हा प्रश्न नीट ऐका, कारण माझ्या आजच्या बोलण्याचा अर्धा भाग त्यात आहे. कुठल्याही बाईला कुठेही जायचं असलं की पहिला प्रश्न हाच असतो. थेंब कोण घालील, कुकर कोण लावील, पाणी आलं तर कोण भरील. त्या दिवशी आजीच पट्टीआडून बोलली. बाबांना म्हणाली, "तू घाल. मी तुझ्या डोळ्यात काजळ घातलंय, तू माझ्या डोळ्यात औषध घाल." बाबा हसले आणि राहिले. दुपारी शेजारच्या काकूंना सांगून तेही मैदानावर आले. पण सकाळचे थेंब त्यांनीच घातले. आईला तो दिवस मिळाला तो तसा मिळाला, एवढं लक्षात ठेवा.

मैदान फार मोठं नव्हतं. आजूबाजूला इमारती होत्या. गर्दी नव्हती, त्यामुळे खेळाडूंचे आवाज स्पष्ट ऐकू येत होते. बायकांचा एवढा मोठा आवाज मी तोवर भांडणात किंवा भजनात ऐकला होता. इथे त्या एकमेकींना हाका मारत होत्या, ओरडून सूचना देत होत्या. सामना ऑस्ट्रेलिया आणि डेन्मार्कचा होता. यांतला एक देश तरी कुठे आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ऑस्ट्रेलियाची फलंदाजी होती. एक खेळाडू खेळायला आली ती परत जाईचना. भाऊ पेन्सिलीने आत्याच्या भाजीच्या यादीच्या मागे धावा मांडत बसला. शंभर झाल्या, दीडशे झाल्या. दोनशे झाल्या तेव्हा तो उभा राहून ओरडला, "असं कुणी करत नाही! असं कुणीच करत नाही!"

मला मात्र धावांपेक्षा डेन्मार्कच्या मुली आठवतात. दिवसभर त्या चेंडूमागे धावत होत्या. एक जण धावता धावता तोंडावर पडली, गुडघे मातीने भरले. ती उठली, हात झटकले आणि पुन्हा आपल्या जागेवर गेली. "लागलं का गं, आता बस झालं," असं तिला कुणी म्हणालं नाही. मी गोट्या खेळताना पडले तर मला घरात बोलावून घेतलं जायचं आणि भाऊ पडला तर त्याला "ऊठ, मर्दासारखा ऊठ" म्हणायचे. तेव्हा मला पितृसत्ता वगैरे शब्द माहीत नव्हते. पण फरक कळला होता.

ती मुलगी पडली तेव्हा आई एकदम म्हणाली, "आम्हीपण असंच पडायचो, सूर मारताना."

आम्ही तिच्याकडे पाहतच राहिलो. आई? सूर? तेव्हा कळलं की आई शाळेत असताना खो-खो खेळायची. येवला तालुक्यातल्या तिच्या माहेरच्या शाळेचा संघ होता. संघ नाशिकला जिल्ह्याच्या स्पर्धेला गेला होता, आई संघात होती. खांबाजवळ सूर मारून गडी टिपण्यात तिचा हात कुणी धरत नसे. तिला प्रमाणपत्रही मिळालं होतं. माझ्या बाबांना लग्नाला तेरा वर्षं होऊनसुद्धा हे माहीत नव्हतं. प्रमाणपत्र माहेरी राहिलं होतं. त्यावर नाव माहेरचं. लग्नात आडनाव बदललं, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे पहिलं नावही बदललं. ज्या मुलीने सूर मारला होता ती मुलगी कागदावर एक होती आणि आमच्या घरात भाकरी थापणारी बाई कागदावर दुसरी होती. दोघी एकच आहेत, हे सांगणारा एकही कागद नव्हता.

त्या दिवशी ऑस्ट्रेलियाने ५० षटकांत ३ बाद ४१२ धावा केल्या. डेन्मार्कचा संघ ४९ धावांत आटोपला. सामना म्हणून पाहिलं तर त्यात काही चुरस नव्हती. पण त्या न हटणाऱ्या खेळाडूने १५५ चेंडूंत नाबाद २२९ धावा केल्या होत्या. तिचं नाव आत्याने नंतर अंतर्देशीय पत्रात लिहून पाठवलं. बेलिंडा क्लार्क, ऑस्ट्रेलियाची कर्णधार. पत्रात आत्याने लिहिलं होतं की एका दिवसाच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये दोनशे धावा जगात आजवर कुणीच केल्या नव्हत्या, बाईने नाही आणि पुरुषानेही नाही.

मी शाळेत जाऊन हे सांगितलं. मुलं हसली. एका सरांनी विचारलं, "पेपरात आलंय का?" गावात येणाऱ्या पेपरात मला ते सापडलं नाही. सर म्हणाले, "मग कशाला थापा मारतेस? आणि आलं तरी ते बायकांचं." म्हणजे पहिल्यांदा ते घडलंच नाही आणि घडलं असेल तरी ते मोजायचं नाही. मुलींनो, ही दोन वाक्यं तुम्हाला आयुष्यात वेगवेगळ्या ठिकाणी भेटतील. मला पुढे ती भेटतच राहिली.

२४ फेब्रुवारी २०१० ला ग्वाल्हेरला सचिन तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २०० धावा केल्या. मी तेव्हा एमएसडब्ल्यू करत होते, वसतिगृहात राहत होते. सगळा देश आनंदला, मीही आनंदले. सचिन आपलाच आहे आणि ती खेळी थोरच होती. पण टीव्हीवर आणि पेपरात पुन्हा पुन्हा येत होतं, 'एकदिवसीय क्रिकेटमधलं जगातलं पहिलं द्विशतक'. मी मैत्रिणींना म्हटलं, पहिलं नाही, पहिलं बारा वर्षांपूर्वी वांद्र्याला झालं, मी तिथे होते. एक मैत्रीण म्हणाली, "अगं, ते पुरुषांमधलं पहिलं म्हणतायत." मी म्हटलं, मग तसं म्हणावं. 'पुरुषांमधलं' हा एक शब्द घालायला किती शाई लागते? तो शब्द गाळला की बाई गळते.

आता तुम्ही म्हणाल, ताई, ऑस्ट्रेलियाच्या बाईच्या धावांशी नांदगावच्या मुलींचा काय संबंध? संबंध आहे, सांगते.

त्याच दिवशी, १६ डिसेंबर १९९७ ला, आपल्या पुण्यात नेहरू स्टेडियमवर इंग्लंड आणि आयर्लंडचा सामना होता. तिथे शार्लट एडवर्ड्स नावाच्या मुलीने नाबाद १७३ धावा केल्या. दुसऱ्या दिवशी तिला अठरावं वर्ष पुरं होणार होतं. सतरा वर्षांची मुलगी परक्या देशात येऊन देशासाठी खेळत होती. आपल्याकडे सतराव्या वर्षी मुलीचं काय चाललेलं असतं, हे या सभेत बसलेल्या आयांना मी सांगायला नको. कायदा अठरा म्हणतो आणि सोळा-सतराव्या वर्षी हळद लावलेल्या मुली मी माझ्या कामात पाहते.

आणखी एक मुलगी सांगते. १९९७ च्या त्या विश्वचषकाचा अंतिम सामना २९ डिसेंबरला कोलकात्याला ईडन गार्डन्सवर झाला. आपला संघ उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाकडून हरला होता. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडला हरवलं. सीमारेषेबाहेर जाणारे चेंडू उचलून द्यायला काही मुली ठेवल्या होत्या. त्यांत चकदाह गावची पंधरा वर्षांची एक मुलगी होती, झूलन गोस्वामी. मी तेरा दिवसांपूर्वी जिला पाहिलं होतं, त्याच बेलिंडा क्लार्कला तिने जवळून पाहिलं आणि आपणही असं खेळायचं ठरवलं. चकदाहहून पहाटेच्या लोकलने ती कोलकात्याला सरावाला जायची. पुढे तिने एकदिवसीय सामन्यांत २५५ बळी घेतले, बायकांमध्ये जगात सर्वांत जास्त.

पाहिल्याने काय होतं ते झूलनच्या बाबतीत दिसतं. पण नुसतं पाहून होत नाही, हेही तिच्याच बाबतीत दिसतं. तिला लोकल होती, सरावाचं मैदान होतं, शिकवणारे होते. पाहणारी डोळ्यांत स्वप्न घेऊन घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी तिला जायला जागा नसली, तर ते स्वप्न चार महिन्यांत विझतं. मी नांदगावला परत आले तेव्हा मैदान होतं, पण मुलांचं होतं. तसा नियम कुणी लिहिला नव्हता. मुलीच तिकडे जात नव्हत्या.

आपल्याच जिल्ह्यातली कविता राऊत पाहा. सावरपाड्याची आदिवासी मुलगी. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात तिने कांस्यपदक मिळवलं. राष्ट्रकुल स्पर्धेत धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय बाई. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत तिला रौप्यपदक मिळालं. २०१६ साली ती रिओला ऑलिंपिकची मॅरेथॉन धावली. पाड्यावरच्या मुली डोंगर चढतात, पाणी आणतात, मैलोगणती चालतात. ताकद सगळ्यांत आहे. कविताला नाशिकला चांगले प्रशिक्षक आणि रोजचा सराव मिळाला, म्हणून ती ताकद पदकापर्यंत पोहोचली. बाकीच्यांची ताकद हंड्यापर्यंत पोहोचते आणि तिथेच थांबते.

किशोरवयीन मुलींच्या बैठका घेताना मी एक प्रश्न नेहमी विचारते, "तू शेवटचं कधी आणि काय खेळलीस?" उत्तरं ठरलेली असतात. "सहावीत, लंगडी." "पाळी आली तेव्हापासून नाही." "भाऊ झाला तेव्हापासून नाही." मग आम्ही दिवसाचे चोवीस तास फळ्यावर मांडतो. आपल्या तालुक्यात पाण्याचा प्रश्न तुम्हाला ठाऊक आहे. मनमाडला नळाला पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी आलेलं आपण सोसलं आहे. ज्या दिवशी टँकर येतो त्या दिवशी शाळेतून मुलगी घरी राहते, मुलगा नाही. कांद्याच्या लागणीला आणि काढणीला तेच. संध्याकाळी पाच ते सात हे खेळायचे तास. मुलांच्या फळ्यावर तिथे 'क्रिकेट' असतं. मुलींच्या फळ्यावर तिथे पाणी, केर, कणीक आणि धाकटं भावंड. मुलींना खेळायची आवड नाही, असं म्हणणाऱ्यांनी आधी हे दोन फळे शेजारी ठेवून पाहावेत.

गावोगाव मुलांच्या क्रिकेटच्या स्पर्धा होतात. पुढाऱ्यांच्या नावाचे चषक, मांडव, लाऊडस्पीकर, रोख बक्षिसं. मुलींसाठी असं काही मागायला गेलं की उत्तर मिळतं, "मुली आहेत कुठे खेळायला?" मैदान नाही म्हणून मुली नाहीत आणि मुली नाहीत म्हणून मैदान नाही. हे चक्र कुठून तरी तोडावं लागेल.

वरच्या पातळीवर काही गोष्टी बदलल्या, त्याही सांगायला हव्यात. २००६ साली बायकांचं क्रिकेट भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे आलं. त्याआधी देशासाठी खेळणाऱ्या मुलींनी साध्या डब्यातून, जमिनीवर झोपून प्रवास केले आहेत. २०२२ साली मंडळाने स्त्री आणि पुरुष खेळाडूंचं सामन्याचं मानधन सारखं केलं. २०२३ साली मुलींची प्रीमियर लीग सुरू झाली. २०२५ चा विश्वचषक जिंकल्यावर मंडळाने ५१ कोटींचं बक्षीस जाहीर केलं. बेलिंडा क्लार्कचा पुतळा जानेवारी २०२३ मध्ये सिडनीच्या मैदानावर उभा राहिला. क्रिकेट खेळणाऱ्या बाईचा सार्वजनिक ठिकाणी उभारलेला जगातला तो पहिला पुतळा. वांद्र्याच्या त्या मंगळवारला तेव्हा पंचवीस वर्षं होऊन गेली होती. नोंद झाली, पण किती उशिरा.

हे सगळं कुणी आपण होऊन दिलेलं नाही. डायना एडलजींसारख्या बायका वर्षानुवर्षं भांडत राहिल्या. सावित्रीबाईंनी शाळा काढली तेव्हा मुलींना शिकायची आवडच नाही, असं म्हणणारे होतेच. त्यांच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा त्यांनी वर्ग भरवला. आपणही तेच करू.

मी तीन गोष्टी मागते. पहिली गोष्ट शिक्षिकांकडे. शाळेचं मैदान आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी एक तास, फक्त मुलींसाठी ठेवा. आपल्या गटातल्या दोन बायका पाळीपाळीने तिथे बसतील, म्हणजे अंधाराची आणि टवाळक्यांची काळजी आयांना राहणार नाही. स्वच्छतागृहाची किल्ली त्या तासाला मैदानावर असावी. किल्ली ऑफिसात आणि ऑफिस बंद, असं होऊ नये.

दुसरी गोष्ट आयांकडे आणि त्यांच्यामार्फत बापांकडे. त्या एका तासाचं मुलीचं काम दुसऱ्या कुणीतरी करायचं. भावाने हंडा उचलावा, बापाने धाकट्याला घ्यावं. माझ्या बाबांनी एका सकाळी थेंब घातले, त्यांचं काही बिघडलं नाही. आजीचा डोळाही छान बरा झाला.

तिसरी गोष्ट मुलींकडे. नोंद ठेवा. मैदानावर एक वही राहील. कोण आलं, काय खेळलं, कोण जिंकलं, तारखेसह लिहायचं. स्पर्धेला गेलात की प्रमाणपत्र मागून घ्या आणि आधार कार्डाबरोबर जपून ठेवा. हा नुसता मानाचा प्रश्न नाही. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. तिथे कागदच लागतो, आठवण चालत नाही. आणि पुढे लग्न झालंच, तर नाव बदलायची सक्ती कुठल्याही कायद्यात नाही, हे आजच ऐकून ठेवा. बदलायचंच असेल तर नाव बदलल्याचा कागद करून घ्या, म्हणजे जिने सूर मारला ती तुम्हीच होता, हे सांगता येईल.

माझ्या आईचं प्रमाणपत्र आम्ही तिच्या माहेरी पुष्कळ शोधलं. घर पडलं, नवं बांधलं, त्यात कुठे गेलं कळलं नाही. आई आज पुढच्या रांगेत बसली आहे. खो-खोत पाटीवर कसं बसायचं आणि खो कसा द्यायचा, हे शिकवायला सोमवारी ती मैदानावर येणार आहे. गुडघे दुखतात म्हणते, म्हणून खुर्चीवर बसून शिकवील.

ज्यांना यायचं आहे त्यांनी जाण्यापूर्वी टेबलावरच्या वहीत नाव लिहा. पूर्ण नाव लिहा, स्वतःचं, स्वतःच्या हाताने.

जय सावित्री!